घरकामाला दरपत्रक कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांना लहान वयातच पैशाची समज यावी म्हणून घरातल्या कामांचे दर ठरवून द्यावेत आणि जितके काम तितके पैसे हातावर ठेवावेत, हा सल्ला गेली काही वर्षे पालकांसाठीच्या सदरांतून, शाळांच्या पालकसभांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींतून सातत्याने दिला जात आहे. आपल्या पुरवणीतही त्याचा पुरस्कार करणारा लेख नुकताच वाचनात आला. त्यामागच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मागितले की मिळते अशा सवयीने वाढणाऱ्या मुलाला पैसा कष्टाने येतो हे कळावे, असे कोणत्याही आईबापांना वाटणारच. परंतु नोकरीची सारी वर्षे सहकारी बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माझ्यासारखीला हा उपाय पटत नाही. मुलांना पैशाबद्दल जे शिकवायला हवे ते या पद्धतीने शिकवले जात नाही, आणि जे शिकू नये असे आपल्याला वाटते ते मात्र ती पक्के शिकतात, असे माझे मत आहे.

आमच्या नात्यातल्या एका घरी फ्रिजच्या दारावर असे दरपत्रक लावलेले मी पाहिले. अंथरूण आवरणे ५ रुपये, बूट जागेवर ठेवणे २ रुपये, स्वतःचे ताट धुणे १० रुपये, धाकट्या बहिणीला अर्धा तास खेळवणे २० रुपये; खाली आठवड्याची बेरीज आणि वडिलांची सही. मुलगा चौथीतला, हिशेबात पक्का. एका दुपारी वळवाचा पाऊस आला आणि आईने स्वयंपाकघरातून ‘दोरीवरचे कपडे काढ रे’ म्हणून हाक दिली, तेव्हा त्याने दरपत्रकावरून नजर फिरवली आणि विचारले, ‘त्याचे किती?’ सगळे हसले. मला मात्र त्या मुलाचे काही चुकले असे वाटले नाही. अंथरूण आवरण्यालाही जिथे दर आहे, तिथे कपडे काढण्याचा दर विचारणे हा सरळ व्यवहार झाला. शिवाय मजुरी ठरली की ती नाकारण्याचा हक्कही आपोआप येतो. ‘या आठवड्यात मला पैसे नकोत, म्हणून मी ताट धुणार नाही’ असे उद्या तो म्हणाला, तर दरपत्रकावर सही करणाऱ्या वडिलांकडे त्याला काय उत्तर आहे? आजीला गरम पाणी नेऊन देणे, आजारी आईजवळ बसणे, पाहुण्यांसाठी गाद्या घालणे, ही कामे यादीत घालावीत की यादीबाहेर ठेवावीत, याचा निर्णय करू गेल्यास कोणत्याही समंजस घराची पंचाईत होईल.

याहून मोठी अडचण दरांचीच आहे. हे दर खोटे असतात. आमच्या भागात चार माणसांच्या घरची दोन वेळची भांडी घासायला येणाऱ्या मावशी महिन्याला हजाराच्या आतबाहेर पैसे घेतात. म्हणजे एका वेळच्या भांड्यांना, त्यात तळाशी करपलेला कुकर आला, कढई आली, तवा आला, सोळा-सतरा रुपये पडतात. त्याच घरात मुलाला स्वतःचे एक ताट विसळण्याचे दहा रुपये मिळत असतील, तर श्रमाच्या किमतीबद्दल तो काय समज करून घेईल? आपल्या एका ताटाचे मोल मावशींच्या निम्म्याहून अधिक ढिगाऱ्याइतके आहे, असाच. मावशींनी वर्षाकाठी शंभर रुपये वाढवून मागितले की घासाघीस होते आणि तीही त्याच्या कानांवर पडत असते. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, तरीही बहुतेक घरांत या कामाचे पैसे आजही तोंडी बोलीवरच ठरतात. ज्यांना आपल्या मुलाला कष्टाची किंमत दाखवायची आहे, त्यांनी महिनाअखेरीस मावशींचे पैसे त्याच्या समोर मोजावेत, खाडे कापले जातात की नाही हे त्याला पाहू द्यावे, आणि कापले जात असतील तर का, हे सांगण्याची तयारी ठेवावी. पैशाचा हा धडा जरा अवघड आहे, म्हणूनच बहुधा कोणी तो सुचवत नाही.

आणि मग आईचे काय, हा प्रश्न उरतोच. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत सहा वर्षांवरील व्यक्तींची माहिती घेतली गेली. घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१.२ टक्के आढळले, पुरुषांत २६.१ टक्के. जे करतात त्यांच्यातही स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे करतात आणि पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांचा आकडा २८९ मिनिटांवर आला. पाच वर्षांत जेमतेम दहा मिनिटांचा फरक. ज्या घरात आई पाच तास फुकट राबते, त्या घरात मुलाला बूट जागेवर ठेवल्याचे दोन रुपये देणे म्हणजे घरकाम हे मुळात त्याचे नव्हेच, तो ते उपकारादाखल करतो आणि म्हणून त्याला मोबदला द्यावा लागतो, असे त्याला रोज सांगत राहणे होय. घरात मुलगीही असेल तर बहुतेक वेळा दरपत्रक मुलासाठी असते. ती तर सांगितल्यावर करतेच, मग तिला कशाला, असा साधा विचार त्यामागे असतो. तिच्या नजरेतून हे दरपत्रक कसे दिसत असेल, याचा विचार पुरस्कर्त्यांनी केलेला दिसत नाही. आईच्या कामाला मोल नाही असे मात्र कायदा मानत नाही. गृहिणीचा अपघाती मृत्यू झाल्यास भरपाई ठरवताना तिचे मानीव, म्हणजे अंदाजाने ठरवलेले, उत्पन्न धरले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मधील एका निकालात पुन्हा स्पष्ट केले आहे. तिच्या कामाची रक्कम कागदावर मांडली जाते ती अशी, ती गेल्यानंतर.

एकदा लावलेला दर पुढे काढून टाकता येतो, असे कोणी म्हणेल. मुलगा मोठा झाला, सवय लागली की पैसे बंद करू, असा बेत पालक सांगतात. याबाबत इस्राएलमधील हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत झालेला एक प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या अर्थतज्ज्ञांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला काही पालक उशिरा येत आणि शिक्षिकांना ताटकळावे लागे, म्हणून दहापैकी सहा पाळणाघरांत उशिराबद्दल दंड लावण्यात आला. उशीर कमी होण्याऐवजी वाढत गेला आणि उशिरा येणाऱ्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. आपल्यामुळे कोणाला तरी थांबावे लागले याचा जो संकोच पूर्वी वाटत असे, तो आता दंड भरून मिटवण्याची सोय झाली होती. पुढे दंड रद्द करण्यात आला, तरीही उशीर पूर्ववत कमी झाला नाही. हा प्रयोग पालकांवरचा आहे आणि दंड म्हणजे मजुरी नव्हे, हे मला मान्य आहे. पण पैसे गेले तरी संकोच परत आला नाही, एवढा भाग आपल्या विषयाला नेमका लागू आहे. अमेरिकेत १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या, बालवाडीतल्या मुलांवरच्या दुसऱ्या एका प्रयोगाचा दाखलाही या वादात नेहमी दिला जातो. चित्रे काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी कबूल केलेल्या मुलांचा चित्रांतला रस नंतर ओसरला, असे त्यात दिसले होते. तो दाखला मला इथे तितकासा पटत नाही. चित्रे काढणे मुलांना मुळात आवडते. ताट धुणे कोणालाच आवडत नाही, मोठ्यांनाही नाही. आवड नसताना करायचे असते, हेच तर घरकामाचे वैशिष्ट्य.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मुलांना पैशाबद्दल नेमके काय कळत नाही? कष्ट केल्यावर पैसे मिळतात, हे त्यांना न कळण्याइतके ते गूढ नाही. आईबाप सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात आणि संध्याकाळी थकून परततात, हे ती रोज पाहतात. बँकेत थकीत हप्त्याची नोटीस हातात धरून येणाऱ्या माणसांमध्ये कष्टांची कमतरता मी क्वचितच पाहिली. रिक्षा चालवणारे, दोन पाळ्या करणारे, दुकानात रात्री दहापर्यंत उभे राहणारे असे ते लोक असत. त्यांचे अडत असे ते दुसरीकडेच. महिन्याला घरात किती येते आणि त्यातले किती ठरलेल्या खर्चांत जाते, हे त्यांना सांगता येत नसे. सणाला उचललेल्या कर्जाचा हप्ता जूनमध्ये शाळेच्या फीसोबत येणार आहे, हे आधी कोणी मांडून पाहिलेले नसे. दुकानदार ‘फक्त अमुक रुपये महिना’ म्हणाला की ते महिने किती, हा प्रश्न विचारला जात नसे. कमावण्याचा धडा त्यांनी उत्तम गिरवला होता. खर्चण्याचा, थांबण्याचा आणि नाही म्हणण्याचा धडा त्यांना कोणी दिलेला नव्हता. घरकामाचे दरपत्रक नेमका पहिलाच धडा पुन्हा देते.

हा दुसरा धडा पूर्वीच्या घरांत थोडाफार आपसूक मिळे, कारण पैसा डोळ्यांना दिसत असे. वाण्याकडे पाठवताना मुलाच्या मुठीत नोट दिली जाई, उरलेले पैसे मोजून आणावे लागत, आणि दोन रुपये कमी भरले तर उलट पावली दुकानात जाऊन विचारून यावे लागे. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि व्यवहार सोपा झाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही भाजी त्यावरच घेते. पण आई फोन पुढे करते, भाजीवाल्याच्या गाडीवरचा स्पीकर रक्कम पुकारतो, आणि मुलाला पैसा जाताना दिसतच नाही. पाकिटातल्या नोटा कमी होत जाण्यात जी शिस्त होती, ती फोनच्या पडद्यावर नाही. दहा वर्षांच्या मुलाला घरातली शिल्लक कशी कळावी?

म्हणून माझी सूचना साधी आहे. मुलाला ठरलेल्या वारी ठरलेली रक्कम द्यावी, शक्यतो रोख, आणि तिचा संबंध घरकामाशीही लावू नये, परीक्षेतल्या गुणांशीही लावू नये. चौथी-पाचवीच्या मुलाला आठवड्याला चाळीस-पन्नास रुपये पुरेत. आकड्यापेक्षा त्यातून काय भागवायचे हे ठरणे महत्त्वाचे. शाळेजवळची भेळ, मित्राच्या वाढदिवसाची भेट, हरवलेल्या कंपासपेटीच्या जागी नवी, हे सारे त्याच पैशांतून. दोन रकाने पाडलेली साधी वही, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, आणि आठवड्याच्या शेवटी शिल्लक जुळवणे. ती जुळली नाही तर ओरडू नये. बँकेतही संध्याकाळी रोकड जुळेपर्यंत आम्ही बसलेले असू. मुलाने बुधवारीच सगळे पैसे उडवले, तर त्याला रविवारपर्यंत थांबू द्यावे. पालकांकडून नेमके हेच होत नाही. मूल हिरमुसले की वडील हळूच दहाची नोट काढतात, आणि तिथे सगळ्या शिकवणुकीवर पाणी पडते. अगदीच नड असेल तर उचल द्यावी, पण ती वहीत मांडावी आणि पुढच्या आठवड्यात वळती करून घ्यावी.

प्रत्येक घराला असे पैसे देणे परवडेलच असे नाही, याची मला जाणीव आहे. बीडकडून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांच्या मुलांना काम आणि पैसा यांचे नाते कोणत्याही दरपत्रकाशिवाय नको तितके कळलेले असते, आणि हा सगळा वाद त्यांच्या घरापर्यंत पोहोचतही नाही. पण जिथे वेगळे पैसे देता येत नाहीत तिथेही किराण्याची यादी मुलाकडून लिहून घेता येते, आणि पैसे कमी पडतात तेव्हा यादीतले काय खोडायचे हे त्याच्यासमोर ठरवता येते. विजेचे बिल तर हाताशीच असते. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर लागतो आणि १०१ पासून ३०० पर्यंतच्या युनिटांना त्याहून बराच चढा. १०० ची रेघ ओलांडली की सगळीच युनिटे महाग होतात, असा समज चांगल्या शिकलेल्या माणसांचाही असतो. प्रत्यक्षात १०० च्या वरची तेवढीच महाग पडतात. मे महिन्याचे आणि डिसेंबरचे बिल शेजारी ठेवून मुलाला हा हिशेब करायला बसवावे. तासाभरात त्याला जे कळेल, ते महिनाभर बूट जागेवर ठेवून कळणार नाही.

पाहुण्यांनी जाताना हातावर ठेवलेले पैसे आणि भाऊबिजेची ओवाळणी हा आपल्याकडचा एक स्वतंत्र अध्याय आहे. पाहुण्यांची पाठ वळताच ती नोट आईच्या पर्समध्ये जाते आणि ‘तू मोठी झालीस की देईन’ असे सांगितले जाते. त्या पैशांचे पुढे काय झाले, हे महाराष्ट्रातल्या किती मुलींना आजवर समजले असेल कोण जाणे. घरात ते पैसे लागले असतील, तर तसे सांगून घ्यावेत आणि वहीत लिहावेत. ठेव परत मिळते हा विश्वास मुलाला पहिल्यांदा घरातच यायला हवा.

मुलांनी कमावूच नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. स्काउट-गाइडच्या ‘खरी कमाई’ची, म्हणजे मुलांनी लोकांची छोटी कामे करून पैसे मिळवण्याची, परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना तर आमच्या साताऱ्याचीच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्यांच्याच नावाने ही योजना आजही चालते आणि विद्यार्थ्यांना कामाच्या तासांप्रमाणे पैसे मिळतात. पण कर्मवीरांच्या साताऱ्यातल्या शाहू बोर्डिंगात स्वयंपाकापासून साफसफाईपर्यंतची रोजची कामे सर्व जातींची मुले मिळून करीत, ती मोबदल्यासाठी नव्हे. जिथे आपण राहतो, जेवतो, तिथला वाटा वेगळा आणि शिक्षणासाठी मिळवलेली मजुरी वेगळी, हा फरक त्या व्यवस्थेत स्वच्छ होता. तोच घरातही राखता येईल. जे काम आपण एरवी बाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घेतले असते, ते मुलाने केले तर त्याला बाहेरचाच दर द्यावा, कौतुकाचा वाढीव दर देऊ नये. रद्दी बांधून, वजनाचा अंदाज घेऊन, रद्दीवाल्याशी भाव करून आलेले पैसे त्याला ठेवू द्यावेत. दिवाळीत त्याने आकाशकंदील करून विकले, तर कागद, काड्या आणि खळ यांचे पैसे आधी वजा करायला लावावे.

हे वजा करणे फार महत्त्वाचे आहे, आणि शाळांतल्या बाल आनंद मेळाव्यांत नेमके तेच राहून जाते. मुले भेळेचे, वड्यांचे, लिंबू सरबताचे स्टॉल लावतात. संध्याकाळी ‘आमची कमाई चारशे रुपये’ असे माइकवरून जाहीर होते आणि टाळ्या पडतात. चुरमुरे, फरसाण, तेल, बेसन घरून आलेले असते आणि वडे तळत आई पहाटेपासून उभी असते, ते कुठेच मांडलेले नसते. विक्रीलाच नफा समजण्याची ही चूक पुढे धंद्यात पडलेली अनेक मोठी माणसेही करतात, आणि त्यांच्या कर्जाच्या अर्जांबरोबर आलेले कागद मी पाहिलेले आहेत. शिक्षकांनी प्रत्येक स्टॉलला सामानाच्या खर्चाचा कागद आधी भरायला लावला, तर तोच मेळावा उत्तम वर्ग होईल. अनेक शाळांत पूर्वी ‘संचयिका’, म्हणजे मुलांची बचत बँक, चाले, मुले स्वतः पासबुके लिहीत आणि पैसे जमा करून घेत. ती बहुतेक ठिकाणी मागे पडली, याचे वाईट वाटते.

शेवटी बँकांबद्दल. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खाते उघडता आणि चालवता येते. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये तशी मुभा दिली आणि एप्रिल २०२५ मध्ये सुधारित सूचना काढून बँकांना १ जुलै २०२५ पर्यंत आपली धोरणे त्यानुसार करून घेण्यास सांगितले. रकमेची मर्यादा आणि एटीएम कार्डासारख्या सोयी किती द्यायच्या, हे प्रत्येक बँकेने आपापल्या धोरणानुसार ठरवायचे आहे. पोस्टातही दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते. तरीही कित्येक शाखांत असे मूल स्लिप घेऊन आले की ‘आईला घेऊन ये’ म्हणून त्याला परत पाठवले जाते, आणि नियम दाखवल्याशिवाय काम होत नाही. माझी आपल्याला विनंती आहे की, अशा खात्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात, कोणत्या बँकेत व्यवहाराची मर्यादा किती आहे आणि पोस्टातली पद्धत काय, याची माहिती आपल्या वार्ताहरांकडून गोळा करून पुरवणीत छापावी. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ती छापली गेली, तर यंदाची ओवाळणी घेऊन मुलांना स्वतः स्लिप भरायला पाठवता येईल.

आपली विश्वासू,
सहकारी बँकेतील एक निवृत्त कर्मचारी,
सातारा